चाक जड झालं तेव्हा

बिघाड किरकोळ असेल असं समजून मी सईला शाळेत सोडलं आणि इलेक्ट्रिक स्कूटर रत्नमालाच्या गॅरेजवर नेली. सई माझी नात, रोज सकाळी माझ्या मागं बसते. शहराच्या कडेला वाढलेल्या सातारा परिसरातल्या नव्या रस्त्यावर ठरावीक जागी मागचं चाक एकदम जड व्हायचं, कोणी मागून धरल्यासारखं. गाडी वळवून दुसऱ्या वाटेनं नेली की मोकळं. वेग कमी होता म्हणून आम्ही पडलो नव्हतो. जरा वेगात असते तर पोर रस्त्यावर गेली असती.

रत्नमाला आधी वाळूजच्या कारखान्यात मोटारींच्या तारा गुंडाळायची. या गाडीची मोटार मागच्या चाकाच्या पोटातच असते. तिनं मोटारीच्या तिन्ही जाड तारा सोडवल्या, त्यातल्या दोन एकमेकींना टेकवल्या आणि म्हणाली, "फिरवा आता चाक."

चाक हलेना. तारा दूर केल्या, तसं गरगर फिरलं.

"तारा आत कुठं चिकटल्या की असंच जड व्हतं, मॅडम."

मग तिनं आसाजवळची केबल तपासली, मोटारीचं झाकण उघडलं. कुठं जळकट वास नाही, तारेवर ओरखडा नाही.

"मोटार बरी हाय. फक्त तुमच्यासारखी हट्टी हाय."

"बरी आहे तर अडते कशी?" मी आवाज चढवला. वार्ताहर म्हणून उभा जन्म भांडण्यात गेला, सवय जात नाही.

"माझ्यावर कशाला ओरडता? चला, तिथंच नेऊन बघू."

तिनं तिन्ही तारांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली, बॅटरी काढून गॅरेजातच ठेवली, आणि ऊन उतरल्यावर आम्ही गाडी ढकलत निघालो.

दुष्काळाचं साल होतं. नव्या इमारतींवर चोवीस तास पाण्याचे फलक आणि खाली टँकरसाठी मांडलेले रिकामे ड्रम. त्याच पाण्याची पाइपलाइन टाकायला कंत्राटदारानं रस्ता खणला, कसाबसा बुजवला आणि वर डांबर फासून निघून गेला. वाऱ्यानं धूळ उठत होती. चाकाची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

ती घरघर थांबली.

मी जोर लावला. रत्नमालानं लावला. चाक जागचं हललं नाही. आणि त्या कोरड्या धुळीत एकाएकी ओल्या मातीचा वास आला, नुकत्याच खणलेल्या...

रत्नमाला वाकून तारा चाचपत होती. "सुट्या हायत," ती हळूच म्हणाली. "बॅटरी पण नाय. मग धरतंय कोण...?"

"पुढं नका जाऊ, बाई."

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोपटातून एक म्हातारी बाहेर आली. उरलेल्या पाइपांची राखण करणारी मनकर्णाबाई.

"माझा ल्योक कडुबा हितंच खोदायला व्हता. धुळीत गाड्या जोरात यायच्या. खड्ड्यात जातील म्हणून पळत जाऊन मागून कॅरिअर धरायचा. शिव्या खायचा, पण सोडायचा नाय. मग माती ढासळली त्याच्यावर. कंत्राटदार म्हणला, ह्यो माणूस आमचा नव्हंच."

संतापानं माझे कान तापले. मी काही विचारणार, तेवढ्यात समोरचा रस्ता खाली बसला. आवाज फार झाला नाही. आमच्यापुढचं डांबर आत गेलं आणि तिथं नुसता अंधार राहिला. रोज सकाळी सईला घेऊन मी तिथूनच पुढं जायचा हट्ट धरत होते.

गाडी मागं ओढली. चाक अलगद फिरलं.

नंतर मी पेपरात लिहिलं, कडुबाच्या नावासकट. कंत्राटदाराच्या माणसाशी फोनवर कडाकडा भांडले. खड्डा नीट भरला गेला. मनकर्णाबाईला बातमी वाचून दाखवली, तेव्हा तिनं त्याच्या नावावर नुसतं बोट ठेवलं. आभार मानायची मला सवय नाही, पण त्या रस्त्यानं जाताना मी रोज मनातल्या मनात कडुबाचे मानू लागले. चाक तिथं पुन्हा कधी अडलं नाही.

आज सकाळी आमच्याच इमारतीच्या आवारात अडलं.

सई दप्तर घेऊन मागं बसली होती. पुढं उघडं गेट, गेटबाहेर नेहमीचा रस्ता. दूधवाला गेला, दोन रिक्षा गेल्या. चाक हलेना.

"काका, सोडा ना, शाळेला उशीर होतोय," सई मागं वळून कुणाला तरी म्हणाली.

मागं कोणी नव्हतं.

मी तिला उतरवून घट्ट धरलं. "सोडू नकोस रे बाबा," मी पुटपुटले.

तेव्हापासून आम्ही दोघी पायरीवर बसून गेटबाहेर बघतोय. रस्ता अगदी साफ आहे. चाक अजून जड आहे.