ह्यांनी काढलेली चित्रं

लोकांना वाटतं, कला सल्लागार म्हणजे वाईन पीत चित्रांसमोर मान डोलावणारी बाई. मी बोरिवलीच्या दोन खोल्यांतून एकटीनं हा धंदा करते. सोफ्याला मॅच होणारं चित्र मागणारी गिऱ्हाइकं सहन करते, प्रदर्शनं लावते, चित्र खरं की खोटं ते लिहून देते. माझ्यामागे ना गॅलरी, ना घराणं. अनुपमाची सही आहे म्हटल्यावर लोक विश्वास ठेवतात, एवढीच माझी कमाई. म्हणूनच त्या मार्चमध्ये मी जे केलं त्याचा संताप अजून जात नाही.

केयूरचे वडील देवव्रत नावाजलेले चित्रकार. ते गेल्यावर त्यांची बारा चित्रं केयूरला अंधेरीच्या एका गॅलरीत लावायची होती, आणि ती त्यांचीच असल्याचा दाखला माझ्याकडून हवा होता. चित्रं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात होती. देवव्रतांचे मदतनीस काशीराम तिथे तीस वर्षं राबले आणि तिथेच वारले. गाळा तेव्हापासून बंद.

भर दुपारी केयूर आणि मी तिथे पोचलो, शटर उघडलं. आत टर्पेंटाइनचा ताजा वास होता.

पहिल्याच चित्रापाशी मला कळलं. देवव्रत डावखुरे, आणि हे फटकारे उजव्या हाताचे. काशीरामांची बायको शेवंती चावी घेऊन आली होती. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मावशी, ही चित्रं कोणी काढली?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा ना."

"घोवाचा नाव कसा घेवचा? नाव घेतला काय ते ओ देतत."

केयूर हसला. "ह्यांनी म्हणजे माझे पपा पण असू शकतात ना, मॅडम?"

त्याच्या हसण्याचा राग आला, तिच्या हट्टाचा त्याहून जास्त. मी जवळजवळ ओरडलेच, "काशीराम! काशीरामनी काढली, बरोबर?"

"ओ."

पुरुषाचा आवाज. दमलेला, चित्रांच्या रांगेतून आलेला.

"बाजूच्या गाळ्यात असेल कोणी," केयूर म्हणाला. बाजूच्या गाळ्याला कुलूप होतं, येताना आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. शेवंतीनं दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेतला आणि समोर कोणी नसताना वाट देण्यासाठी ती बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी केयूरचा फोन आला. "रेकॉर्डिंगमध्ये त्या बाईनं नाव घेतलंय का? नाही ना? मग सही करा. नाहीतर दुसरं कोणी करेल, आणि अंधेरीतल्या गॅलऱ्या तुम्हाला दारात उभं करणार नाहीत."

कोणी माझा हात धरून सही करवली नव्हती. मी शेण खाल्लं. बाराही दाखल्यांवर देवव्रतांचं नाव लिहिलं आणि खाली माझं.

उद्घाटनाला हॉल भरला होता. बाराही चित्रं समोरच्या भिंतीवर होती. केयूरनं माइकवर वडिलांचं नाव तीनदा घेतलं. भिंत गप्प होती. मी सुटकेचा श्वास सोडला.

मग तो म्हणाला, "आणि ज्यांच्या शब्दावर हे प्रदर्शन उभं आहे, त्या अनुपमा."

मी पुढे व्हायला पाऊल उचललं.

"ओ," भिंतीकडून तोच दमलेला आवाज आला.

सगळे तिकडे वळले. टाळ्या वाजल्या. "मी इथे आहे," मी म्हणाले. शेजारच्या माणसानंही मान वळवली नाही.

केयूरची बायको ऋता गुच्छ घेऊन माझ्या अंगावरून पुढे गेली. भिंतीसमोर थांबून वाकली, हसून काहीतरी बोलली.

परत वळली तेव्हा तिचे हात रिकामे होते.