हवाबंद घरातली शिवीगाळ

चन्नम्मा तीन जिने चढून आली आणि दारातच खाली बसली. तिला धाप लागली होती. "अक्का... स्वल्प गाळी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सिद्धेश्वरी मंगरुळे टेबलामागून उठली. तिनं खिडकीचं दुसरंही दार उघडलं आणि मग तांब्या-भांडं चन्नम्मापुढे ठेवलं. धोंडीरामाच्या हातातली कडक भाकरी हातातच राहिली. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर तो या गुप्तहेर बाईंच्या मदतीला आला होता. माणूस मूळचा केम गावचा. सोलापुरात उभी नोकरी केली, पण कानडीचा एक शब्द त्याच्या डोक्यात शिरला नव्हता, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे.

पाणी पिऊन चन्नम्मानं विचारलं, "मी मारलं का अप्पांना? तेवढंच सांगा. फौजदार म्हंत्यात, तूच मारलं. उद्या धरून न्हेणार हायत मला."

अप्पा म्हणजे बसलिंगप्पा, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. वळसंगची चन्नम्मा त्यांचं सगळं करायची. थंडीत खुबा ठणकायचा, म्हणून रोज संध्याकाळी पलंगाशेजारी कोळशाची शेगडी ठेवायची. शुक्रवारीही ठेवली. खाली पाहुण्यांना चहा द्यायला बोलावलं म्हणून ती गेली, आणि परत वर आली तेव्हा अप्पा गेले होते. कोळशाच्या विषारी वायूनं, असं डॉक्टर म्हणाले.

"शेगडी रोज पेटायची?"

"दिवाळीपास्नं रोज, अक्का. मी बी तितंच बसायची की. कदी डोस्कंबी दुखलं न्हाय."

"मग शुक्रवारी वेगळं काय झालं?"



अप्पा राहायचे ती गिरणीमागची वस्ती धोंडीरामाला पाठ होती. पूर्वी तिथं हातभट्टी चालायची, पैजेवर चाकू चालायचे, आणि दिवेलागणीनंतर एकट्या हवालदाराला कोणी तिथं धाडत नसे. आता गिरणीची चिमणी तेवढी शोभेला ठेवून शेजारी काचेची इमारत उभी राहिली होती. नाव 'चिमणी हाइट्स'. वीज वाचवणारी महागडी घरं! बांधणारा होता बसलिंगप्पांचा पुतण्या गुरुराज. इतक्या मोठ्या इमारतीत राहायला आलेले एकटे बसलिंगप्पाच. ज्या वस्तीत जन्म काढला तिथंच मरायचं, असा त्यांचा हट्ट होता. तो असा पुरा झाला.

चन्नम्माला बरोबर घेऊन सिद्धेश्वरी आणि धोंडीराम तिथं गेले; गुरुराजनं त्यांना अप्पांचं घर दाखवलं. जाड काचा, कुठं फट नाही. त्या उघडतही नव्हत्या.

"बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन असू दे, आत झळ लागत नाही," तो म्हणाला. "धूळ नाही, आवाज नाही."

"आणि हवा?"

त्यानं छताच्या जाळीकडे बोट केलं. "हे यंत्र शिळी हवा बाहेर टाकतं, ताजी आत घेतं. घरातली सगळ्यात जास्त वीज हेच खातं. पण माणूस राहतोय तोवर ते बंद करायचं नाही, रात्रंदिवस चालू. आत्ता घर रिकामं आहे म्हणून थांबवलंय."

"शुक्रवारी चालू होतं?"

"होतंच की! पण बंद घरात कोळसा पेटवल्यावर यंत्र तरी काय करणार?" एवढं बोलून तो दाराशी उभ्या असलेल्या चन्नम्माकडे वळला आणि तिला कानडीत फाडफाड बोलला. चन्नम्मानं मान खाली घातली. धोंडीरामाला शब्द कळले नाहीत, पण ऐकून त्याच्या कपाळाची शीर उठली.

खाली दिवाणखान्यात घरं विकणारी आरोही भेटली. शुक्रवारचा विषय काढताच तिचे डोळे भरून आले.

"गिऱ्हाइकांसाठीचा कार्यक्रम इतका छान झाला होता हो. आजोबांच्या घरात त्या क्षणी किती वीज चाललीय, ते आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवलं. नुसता फ्रिज आणि एक दिवा, एवढाच आकडा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि वर आजोबा..."

"आकडा मध्येच वाढला का?"

"नाही. शेवटपर्यंत तेवढाच."

फाटकावर पहारेकरी शहाजी होता, बार्शीकडचा. तो आधी बोलेना. धोंडीरामानं त्याला तंबाखू दिली, तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"मेलेल्या मानसाबद्दल वंगाळ बोलू न्हाय. पन शुक्रवारी कार्यक्रमाच्या टायमाला अप्पांनी आतल्या फोनवरनं मला लई शिव्या घातल्या. 'गाळी, गाळी' करत हुते. मदी 'इल्ला' का काय तरी. मी हॉलमदी जाऊन गुरुराज सायबांस्नी जसंच्या तसं सांगितलं. सायेब म्हनले, म्हातारा शिवीगाळ करतोय, तू फोनच उचलू नगंस."

"मग?"

"मग आनिक दोनदा वाजला. मी न्हाय उचलला."

"रागीट म्हातारा दिसतोय," धोंडीराम म्हणाला.

सिद्धेश्वरी शहाजीच्या टेबलावरच्या फोनकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा पार उतरला होता. बाईंना एवढं काय लागलं, ते धोंडीरामाला समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना बसलिंगप्पांच्या खोलीत बोलावलं. चन्नम्माला न्यायला आलेले फौजदारही होते. सिद्धेश्वरीनं दार लावून घेतलं. इतकी माणसं, बंद काचा. थोड्याच वेळात धोंडीरामाच्या मानेवरून घाम निथळायला लागला. सिद्धेश्वरी खुर्चीवर टेकली, गळ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "गुरुराज, स्वल्प गाळी बेकु."

गुरुराजनं खिशातून मोबाइल काढून अंगठा दाबला. छतातलं यंत्र घुमायला लागलं.

"मी काय मागितलं?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"हवा," तो म्हणाला. आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

शहाजी भिंतीला टेकला. "हवा? गाळी म्हंजे हवा?"

"कानडीत हवाच. चन्नम्मानं धाप लागल्यावर माझ्याकडे तीच मागितली, मी खिडकी उघडली. बसलिंगप्पा तुम्हाला 'गाळी इल्ला' सांगत होते, शहाजी. हवा नाही. तुम्हाला कानडी येत नाही, तुम्ही शिवीगाळ समजलात. पण तुम्ही तेच शब्द ज्यांच्या कानावर घातलेत, त्यांची ती आईची भाषा आहे. काल माझ्यादेखत चन्नम्माला त्याच भाषेत झोडत होते."

"मला नीट ऐकू आलं नसेल," गुरुराज पुटपुटला.

"'गाळी' ऐकू आलं म्हणून तर शिवीगाळ हा शब्द सुचला. यंत्र चालू होतं म्हणालात. सगळ्यात जास्त वीज तेच खातं, हेही तुम्हीच सांगितलंत. मग आरोहीच्या पडद्यावर फ्रिज आणि दिव्यापुरता आकडा कसा? टाळ्यांसाठी तुम्ही खिशातल्या मोबाइलवरून काकांची हवा बंद केलीत. त्या वेळी तुम्हाला शेगडी आठवली नसेल. तेवढं मी मानते."

गुरुराजची नजर छताच्या जाळीकडे गेली.

"पण शहाजी निरोप घेऊन आला तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. अंगठा दाबायचा होता, आत्ता दाबलात तसाच. आकडा वाढला असता. लोकांनी विचारलं असतं. म्हणून तुम्ही त्याला फोन उचलू नको म्हणालात."

"थोडाच वेळ होता," गुरुराज म्हणाला. "पाहुणे निघाले की लगेच चालू करणार होतो. मी केलंही."

"हो. तोवर काका गेले होते."

फौजदारांनी त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. धोंडीरामानं आयुष्यात खुनी पुष्कळ पाहिले होते, याच वस्तीतून कितीतरी बांधून नेले होते. पण टाळ्या ऐकत उभा राहिलेला हा पहिलाच. त्याला त्याची किळस आली.

चन्नम्मा जागची हलली नव्हती. "पन शेगडी मीच पेटवली हुती की, अक्का."

"रोज पेटवत होतीस," सिद्धेश्वरी म्हणाली. "आणि रोज ते जगत होते."

खाली फाटकाशी शहाजी कठड्यावर बसला होता. चन्नम्मा दिसताच तो उठला.

"मला मराठीत का न्हाय गं म्हनले? मराठी चांगलं बोलायचे की अप्पा. रोज बोलायचे माझ्यासंगं."

"जीव जाताना दुसरी भाषा कुटनं आठवंल?" चन्नम्मा म्हणाली. तिनं त्याला दोष दिला नाही. त्यानं तो आणखीच खचला आणि पुन्हा खाली बसला.

टेबलावरचा फोन वाजला. वरून फौजदार बोलावत असावेत. शहाजीनं पहिल्याच घंटेला झडप घालून तो उचलला आणि दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.