वंशावळीतला पाचवा

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझ्यापुढं कागद सरकवला. म्हणाल्या, "काका, इथं रक्ताच्या नातेवाइकाचं नाव लिहा. ऑपरेशनच्या आधी त्यांची सही लागेल."

"तुमचंच लिहू का? नाक तर आपलं सारखंच आहे."

बाई हसल्या नाहीत. पोटात गाठ माझ्या आणि तोंड आंबट यांचं!

पण पंचाईत खरी होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमचं आडनाव असं, की ऐकणारा दोनदा विचारतो. तुम्हाला सांगत नाही, हसाल. ते लावणारा अख्ख्या शहरात मी एकटा उरलोय. म्हटलं, जन्ममृत्यूपासून शाळा-गिरण्यांपर्यंतच्या जुन्या नोंदी ठेवतात त्या कचेरीत जाऊ. आडनावाचा माग काढत काढत एखादा चुलतनातू सापडला, तर सहीपुरता का होईना, आपला.

इथं एक पाप कबूल करतो. तीस वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावानं घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. स्वारी भलतीच गंभीर. पणजोबांना मुलगे चार, असं त्यानं मोठ्या थाटात सांगितलं. मला राहवलं नाही. "अरे, पाचवा विसरलास! सगळ्यात धाकटा. एकटाच घर सोडून गेला." नाव जागच्या जागी रचून दिलं. डाव्या हाताला सहा बोटं होती, असंही जिभेवर आलं होतं, पण फार होईल म्हणून गिळलं. भावानं पाचव्याला वळणदार अक्षरात टिपून घेतलं आणि मरेपर्यंत शोधलं. मी पोट धरधरून हसलो.

नोंदींची खोली तळघरात होती. ओल्या कागदाचा वास, डोक्यावर घूं घूं करणारी दिव्याची नळी, आणि कारकून असा वाळलेला, की त्यालाही कुणीतरी बाडात दाबून ठेवलं असावं.

"आजोबा, थुंकी लावून पान उलटू नका."

"मग तुमची लावू?"

त्यानं बाड ओढून घेतलं आणि स्वतःच पानं उलटली. पणजोबांचं पान निघालं. मुलगे एक, दोन, तीन, चार. आणि खाली पाचवा. मी रचलेलं नाव. पुढं शेरा: डाव्या हातास सहा बोटे.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे... मागाहून कुणी लिहिलंय का?"

"बाड कुलपात असतं. आणि शाई बघा ना, वरच्या चौघांचीच आहे." कारकुनाला आता चेव चढला होता. "थांबा, पुढं बघू."

एकेक बाड येत गेलं. शाळेत नाव होतं. लग्नाच्या नोंदीत नव्हतं. मूल नाही. मृत्यूचीही नोंद नाही. शेवटी एका बंद पडलेल्या गिरणीचं हजेरीपुस्तक निघालं. कामगार तोच. 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. खाली माझ्या आजच्या खोलीचा पत्ता, 'जिन्याखाली' या शब्दासकट. साल माझ्या जन्माच्या बारा वर्षं आधीचं.

"आजोबा, तुमच्याच नावाचं घरात आधी कुणी...?"

"नाही... मी पहिलाच."

घरी येऊन दिवा न लावता बसलो. थट्टेत माणूस घडवला, त्याला घराबाहेर काढलं. बायको द्यायचं सुचलं नाही, एखादा मित्र द्यायचं सुचलं नाही. मरण द्यायचंही राहून गेलं. इतकी वर्षं तो कुठल्या खोलीत, कुणाशी बोलत असेल? मी तरी कुणाशी बोलतो म्हणा! कागद काढला आणि नातेवाईक म्हणून त्याचंच नाव लिहिलं. पत्त्याची जागा कोरी सोडली.

हे लिहितोय ते दवाखान्याच्या खाटेवरून. उद्या सकाळी ऑपरेशन. संध्याकाळची भेटायची वेळ नुकतीच संपली. प्रत्येक खाटेभोवती माणसं होती, माझ्यापाशी फक्त भिंत. एवढ्यात नर्सबाई आल्या, आणि चक्क हसल्या.

"बघा काका, उगाच घाबरत होता. तुमच्या नातेवाइकांनी सही केली."

"कोण... कोण आलंय?"

"बाहेर बाकावर बसलेत. आत या म्हटलं, तर म्हणाले, घाई नाही, उद्या एकदमच भेटतो. तुमच्यापेक्षा बरेच तरुण दिसतात हो!"

खरं सांगू? भीती वाटली, तसं बरंही वाटलं. माझ्यासाठी बाकावर कुणीतरी बसलं होतं. जाऊन बघावं म्हणून मी पाय खाली सोडले आणि चपला चाचपू लागलो.

"चपला शोधू नका," बाई चादर नीट करत म्हणाल्या, "त्या मघाशीच त्यांनी माझ्याकडून मागून घेतल्या. म्हणाले, आता लागणार नाहीत."