म्हशाच्या जत्रेतला हेर

"आता तो हॅट काढणार…" शेजारून कुणीतरी पुटपुटलं, आणि पडद्यावरच्या गुप्तहेराने खरंच हॅट काढली.

दामिनीने मान वळवली. म्हशाच्या जत्रेतला तंबू, दुपारचा खेळ. कापडाच्या भोकांतून उन्हाच्या तिरिपा आत आलेल्या. बाजूला एक सावळा, तरतरीत तरुण, हातात शेंगदाण्यांची पुडी.

"आता विचारेल – मॅडम, तुमचं खरं नाव काय?"

पडद्यावर अगदी तेच! मागून शिट्ट्या वाजल्या.

"ओ, तिकीट काय तुमची बडबड ऐकायला काढलंय?" दामिनीने दटावलं.

"नाय… पण फुकट मिळतेय तर ऐका की."

दामिनीला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती चंदाआत्याकडे वळली. आत्याला कशाचंच भान नव्हतं. तिने हाच काळापांढरा पिक्चर लहानपणी ह्याच जत्रेत पाहिला होता, आणि आताही पदर तोंडात धरून बसली होती.

मध्यंतरात आत्या चहाला गेली. पुडी अलगद दामिनीपुढे आली.

"मी नवशा. भातसानगरला राहतो, धरणावर वायरमन आहे."

"दामिनी. किन्हवलीची. शहापूरला लॅबमध्ये रक्त काढते."

"बाप रे… मग जपून बोललं पाहिजे."

"सगळं पाठ आहे, तरी येता कशाला?"

त्याने रिकाम्या पडद्याकडे बोट केलं. "मारामाऱ्या काय, मोबाईलवर याच्याहून भारी मिळतात. पण हा माणूस जगाशी खोटं बोलतो ना… आणि ती समोर आली की त्याला जमतच नाय. तेवढं बघायला येतो."

शेवटी त्या हेराने नायिकेला तिच्याच भल्यासाठी दुसऱ्याबरोबर विमानात बसवलं. तंबूभर मुसमुस झाली. आत्या तर हुंदके देत होती. दामिनीला मात्र चीड आली. का जाऊ दिलं? तिला एकदा विचारलं तरी का?

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. सुई धरताना हात थबकायचा, घरी भाकरी करपायची. लॅब सुटली की पाय उगाच स्टँडवर रेंगाळायचे. एका संध्याकाळी नवशा तिथे होता… मग तो दर दोन दिवसांनी दिसू लागला. ओळखीचं कुणी ना कुणी आसपास असायचंच. म्हणून दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना, तोंडं फिरवून बसत. कानाला बंद मोबाईल!

"हॅलो… आज पिवळा ड्रेस कुणाला तरी लई शोभतोय म्हणे."

"हॅलो… दाढी केल्यावर काही माणसं बरी दिसतात म्हणे."

"बरी? नुसती बरी?"

"जास्त सांगितलं तर रेंज जाते!"

हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. पण एसटी किन्हवलीच्या रस्त्याला लागली की तेच हसू मावळायचं. आत्याला सुगावा लागला होता. "त्यांची जात वेगळी, गाव डोंगरातलं," ती हळूच म्हणाली. "भाऊ ऐकायचा नाय, गो."

आणि एक दिवस दामिनीच्या वडिलांनी, देवरामने, जेवताना सांगून टाकलं, रविवारी बदलापूरचे पाहुणे येतायत.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिने मोबाईल कानाला लावला. "हॅलो… रविवारी मला बघायला येतायत."

नवशाने मोबाईल दुसऱ्या कानाला नेला. मग – "हॅलो… चांगलंय."

तो उठला, भातसानगरच्या गाडीत चढला. एकदाही वळून पाहिलं नाही.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. डोळ्यांपुढे ते विमान, आणि खाली उभा राहिलेला तो शहाणा माणूस… लोक वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत आलेत. रडोत बापडे. आपल्याला तसं कुणी आपल्या भल्यासाठी पाठवून द्यायचं नाही!

शनिवारी दुपारी ती भातसानगरच्या वसाहतीत पोचली. तोंडाला ओढणी न बांधता. अंगणात एक बाई सुपात नाचणी पाखडत होती – नवशाची आई, धोंडीबाई. आवाज ऐकून नवशा बाहेर आला आणि दारातच खिळला.

"तू? इथं? कुणी बघितलं तर…"

"बघू दे. मला नाय आता चोरून भेटायचं. चांगलंय म्हणालास ना? माझ्याकडे बघून म्हण."

त्याने पाहिलं. खोटं बोलणं काही जमेना.

"सकाळी बाबांना तुझं नाव सांगितलंय मी," ती म्हणाली. "लई ओरडले. ताट सारून उठले. पण पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलंय त्यांनी… आता तुझं काय ते सांग."

सूप थांबलं होतं. नवशा पायरी उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा सरळ.

"आई, ही दामिनी. मला हिच्याशी लगीन करायचंय."

धोंडीबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले.

"बाप जेवला नाय म्हणतेस?"

दामिनीने मान हलवली. डोळे आता भरून आले होते.

"मग आजच जाऊ तुझ्या घरी," धोंडीबाई उठत म्हणाली. "नवशा, बघत काय राहिलास? शर्ट बदल."