टायरची जन्मतारीख

वीज गेली तर जाऊ द्या, तुमचा हा कंदील पुरे आहे. मोटेल तुमचं, तेव्हा तुम्हाला प्रश्न पडलाच असेल की हा ऑर्विल म्हातारा तीन दिवस इथे का पडून आहे, धड पुढे जात नाही की मागे फिरत नाही. बायको, एल्डा, वर सामान बांधतेय. पहाटे चारची बस यायच्या आत सांगून टाकतो.

काम साधंच होतं. ओपलबाई म्हणून एक विधवा आहेत आमच्या नेब्रास्कात. त्यांच्या गोदामात एकसष्ट सालचा एक ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, तीस वर्षं जागचा हलला नव्हता. मी तो घेतला. पत्रा छान, आतली लाकडी कपाटं शाबूत, फक्त टायर बदलायचे होते. आमची लेक मोंटानात एकटी, तिचे दिवस भरत आलेले. तिच्या दीड खोलीत अडचण नको, म्हणून एल्डाने ठरवलं की आपलं घर मागे जोडूनच जायचं.

ट्रेलरचे टायर झिजत नाहीत हो, उभ्या उभ्या कुजतात. म्हणून आम्ही जुने लोक नक्षी बघत नाही, जन्मतारीख बघतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पण ते असतात एकाच बाजूला, आणि घाईत बसवणारे नेमकी ती बाजू आत टाकतात. मग लोळा गाडीखाली.

झाडलोट करताना पलंगाखालची फळी उचलली, तर आत एक फाटलेला टायर. चिंध्या झालेल्या, तारा बाहेर आलेल्या. जळक्या रबराचा वास असा, की आत्ताच कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलाय. हात लावला तर कोमट. आकडा होता शून्य आठ, पंचवीस. म्हणजे यंदाचा फेब्रुवारी. तीस वर्षं बंद असलेल्या ट्रेलरमध्ये!

वेडेपणा म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या हार्लनच्या दुकानात गेलो. त्याने खास ट्रेलरचे म्हणून दोन टायर काढले आणि कौतुकाने म्हणाला, "बाळं आहेत रे, कालची." मी वाकून बघितलं. शून्य आठ, पंचवीस. हे नकोत म्हणालो. त्याने मला चिकित्सक म्हणून चिडवलं आणि दुसरे काढले, एकोणीस पंचवीसचे. ते बसवून घेतले.

घरी येऊन फळी उचलली. तोच टायर, त्याच चिंध्या. आकडा एकोणीस, पंचवीस.

खरं सांगतो, तेव्हा कळलं, मी जो बसवीन तोच वाटेत फाटणार. मग ओपलबाईंना फोन लावला. त्या इतकंच म्हणाल्या, "निवडा की... आमच्या ह्यांनीही चार वेळा निवडले होते."

आणि फोन ठेवला.

एल्डाला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. ट्रेलर परसात सोडला, चाकांचा आस खराब आहे म्हणून थाप मारली, आणि आम्ही नुसत्या पिकअपने निघालो. वाटलं, सुटलो. इथे तुमच्या दारात उतरलो आणि राहवेना, म्हणून गावी आमच्या घराशेजारच्या लेस्टरला फोन केला. म्हटलं, फळी उचल आणि आकडा वाच. तो हसत हसत गेला.

"एक्केचाळीस... तेवीस," तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "अरे ऑर्विल, हा गरम का आहे रे?"

मी तुमच्या अंगणात पिकअपखाली शिरलो. एल्डाच्या बाजूचं पुढचं चाक. एक्केचाळीस, तेवीस.

तेव्हापासून मी हललेलो नाही. इंजिन बिघडलंय म्हणतोय. पण काल रात्री लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. एल्डा कशी थांबेल? म्हणाली, "तुझं इंजिन तू सांभाळ. मी बसने जाते." मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ऐकत नाही हो.

मघाशी लेस्टरला पुन्हा विचारलं. तो आता ट्रेलरच्या दाराशीही उभा राहायला तयार नाही. म्हणाला, आकडा बदललाय. शून्य तीन, चोवीस. आणि त्या चिंध्यांत कसलंसं कापड अडकलंय, निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. असं कापड एल्डाकडे नाही, मला पक्कं ठाऊक आहे. तेवढाच एक आधार धरून बसलोय.

हा हॉर्न... आली बस. आणि ही एल्डा जिन्यावरून येतेय. तो स्कार्फ कुठला तिच्या गळ्यात? तुमच्या बायकोने दिला का आज, प्रवासाला म्हणून?

तो कंदील द्या इकडे. मला बसखाली शिरायचंय.