नऊ नंबरचे हरवलेले प्रवासी

"आज नऊ नंबर! पाच झाली, सात झाली, आता नऊच!" चौकशीने वही मिटली आणि चपला पायात सरकवल्या.

"पण नऊने आपण रोजच जातो! त्यात कसली आलीय मोहीम?" शेजारचा भोंगा ओरडला. खरं तर तो साधंच बोलत होता. पण त्याचं साधं बोलणं तीन घरांपलीकडे ऐकू जाई, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं.

"रोज आपण बाजारापर्यंत जातो. शेवटच्या थांब्यापर्यंत कधी गेलोय? तिथे काय आहे, माहितीये तुला?"

"बस वळवायला जागा असेल!" भोंग्याच्या पाठची बहीण बारकी म्हणाली. ती होती सात वर्षांची, पण हिशोबाला पक्की. जिना चढताना पायऱ्या मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सुट्टीचा हा बेत चौकशीचाच होता. गावातल्या प्रत्येक बसने पार टोकापर्यंत जायचं आणि तिथे काय दिसलं ते वहीत लिहायचं. आपल्याला जो शेवटचा थांबा वाटतो, तिथूनच कुणीतरी रोज सकाळी निघतं, त्यांना आपलाच थांबा टोकाचा वाटत असेल, हे सुचल्यापासून तिला घरात बसवेना. तिला प्रश्नच फार पडत. घरच्यांनी शेवटी कंटाळून तिचं नावच चौकशी ठेवलं होतं.

तिघं धावत लाँड्रीसमोर आले. टेकडीवरच्या वस्तीतली सगळी माणसं बससाठी तिथेच उभी राहत. चौकशीची आत्याही कुबडी टेकून उभी होती. ती खाली बाजारात पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला होती, चौदा वर्षं. फाटक्यातलं फाटकं पुस्तक तिच्या हाताखालून गेलं की पुन्हा ऐटीत उभं राही.

बस आली आणि वस्तीतली माणसं चढताच नेहमीसारखी खच्चून भरली. कसंबसं आत शिरल्यावर चौकशीचं नाक थेट खिडकीशेजारच्या कागदावर आपटलं. तिने तो मोठ्याने वाचला.

"प्रवासी मिळत नसल्यामुळे नऊ क्रमांकाची बस येत्या सोमवारपासून बंद!"

"प्रवासी मिळत नाहीत?" भोंगा किंचाळला. "मग माझ्या पायावर कोण उभं आहे?"

बसमध्ये हशा पिकला, पण आत्या हसली नाही. दुसरी बस टेकडीच्या पायथ्याशी मिळे. तो चढ कुबडीवर रोज उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

"आजच मालकांना सांगते, दुसरं माणूस बघा म्हणून," ती हळूच म्हणाली.

"आज नको! आत्या, प्लीज! सोमवारपर्यंत एक शब्द बोलू नकोस!"

"तू काय करणार आहेस गं?"

चौकशीला ते अजून ठाऊक नव्हतं. पण भरलेली बस रिकामी कशी ठरली, हे कळल्याशिवाय तिला आता जेवण जाणार नव्हतं. आत्याला दुकानाशी सोडून तिघं तडक बस डेपोत गेले. शेवटचा थांबा राहिला बाजूला!

डेपोत चौकशीच्या खिडकीवर चौकशी जाऊन उभी राहिली, तेव्हा भोंग्याला हसू आवरेना. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता बोटाने फलक दाखवला. तिथे एक तक्ता टाचला होता. मागच्या आठवड्यात प्रत्येक थांब्यावर एकेक माणूस तीन दिवस बसवून सकाळचे प्रवासी मोजले होते. एक रकाना 'चढले' आणि एक 'उतरले'.

"पाण्याची टाकी. चढले शून्य, उतरले शून्य. तिन्ही दिवस!" चौकशीने वाचलं. "अरे, पाण्याची टाकी म्हणजे आपलाच थांबा!"

बारकी बोटांवर मोजत पुटपुटत होती. "ताई, पहिल्या दिवशी सगळ्या थांब्यांवर मिळून चढले अठ्ठावन्न. आणि उतरले एकशे बारा."

"मग बाकीचे चोपन्न काय बसमध्येच जन्मले?" भोंग्याचा आवाज डेपोभर घुमला.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि डेपोचे साहेब बाहेर आले. शर्टाला कडक इस्त्री आणि चेहऱ्यालाही.

"काय गोंधळ आहे हा?"

"साहेब, हा तक्ता चुकलाय! चढले त्याहून उतरले जास्त, ही बेरीज बघा! टाकीच्या थांब्यावर खूप माणसं असतात!"

"बाळ, आमचा माणूस तीन दिवस तिथे बसून होता. कागदावर शून्य आहे म्हणजे शून्य. जा, खेळा जा."

परत येताना चौकशी तक्त्यातले आकडे वहीत पुन्हा पुन्हा लिहून बघत होती. लाँड्रीसमोर उतरल्यावर ती जागच्या जागी गर्रकन फिरली.

"भोंग्या, आपल्या थांब्याची पाटी कुठंय?"

"ही काय, इथे..." भोंग्याने हात वर केला आणि तो तसाच राहिला. तिथे पाटी नव्हतीच! खांबही नव्हता. रोज याच जागी उभं राहायचं आणि कधी मान वर करून बघायचं नाही! चौकशीला स्वतःचाच राग आला. सात नंबरच्या शेवटच्या थांब्यावरची झाडं तिने मोजून वहीत लिहिली होती, आणि घराजवळचा खांब गायब झाल्याचा तिला पत्ताच नव्हता.

शोधाशोध सुरू झाली. लाँड्रीवाल्याला आठवेना. शेवटी कोपऱ्यावरून मागच्या गल्लीत वळल्यावर बारकी ओरडली, "तो बघा!"

गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानासमोर एक खांब होता आणि त्याला सायकलच्या ट्यूबा लटकत होत्या. ट्यूबा बाजूला केल्या तर आत पाटी! 'पाण्याची टाकी. बस क्रमांक ९.'

"काका, ही पाटी इथे कशी?"

"दोन वर्षांमागे मोठा रस्ता खणला होता ना पाइपासाठी? तेव्हा बस या गल्लीतून जायची," सायकलवाले काका पंक्चर काढता काढता म्हणाले. "चार दिवसांसाठी म्हणून खांब इथे रोवला. रस्ता झाला, बस गेली तिकडे, माणसं गेली तिकडे. खांब कोण नेणार? मला बरा पडतो ट्यूबा अडकवायला."

"आणि मागच्या आठवड्यात इथे कुणी बसलं होतं?"

"एक गृहस्थ बसले होते की! तीन दिवस. भला माणूस. रहस्यकथा वाचायचे, मधूनमधून घड्याळ बघायचे आणि कागदावर काहीतरी लिहायचे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. ते गृहस्थ जिथे बसले होते, तिथे प्रवासी येत नव्हते, आणि बससुद्धा येत नव्हती!

"चला, साहेबांना सांगू!" भोंगा निघालाच.

"सांगून काय होणार? पुन्हा म्हणतील, खेळा जा. त्यांना इथेच आणायला हवं." चौकशीचे डोळे चमकले. "कंडक्टरकाकांना विचारू. अधिकारी डेपोबाहेर कधी पडतो, ते त्यांना ठाऊक असेल."

कंडक्टरकाकांनी मिशीला पीळ देत सांगितलं, "बसने थांबा चुकवला अशी लेखी तक्रार आली, की साहेबांना दुसऱ्या दिवशी स्वतः त्या थांब्यावर जावं लागतं. नियमच आहे."

"मग आम्ही तुमचीच तक्रार केली तर रागवाल का?"

काकांनी आधी डोळे वटारले. सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र त्यांनी स्वतःचं पेनच काढून दिलं.

चौकशीने बसमधल्या तक्रारवहीत लिहिलं, "नऊ क्रमांकाची बस पाण्याची टाकी या थांब्याच्या खांबापाशी कधीच थांबत नाही." त्यातला शब्दन् शब्द खरा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजर झाले, सोबत मोजणीवाले गृहस्थ. दोघं खांबाखाली उभे राहिले. आठ वाजले. आठ वाजून दहा मिनिटं झाली. साहेबांनी घाम पुसला.

"कमाल आहे! बस कुठंय? त्या ड्रायव्हरला निलंबित करतो!"

"नको साहेब!" चौकशी पुढे झाली. "जरा ऐका ना."

कोपऱ्यापलीकडून भोंग्याचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी मुद्दाम मोठ्याने बोलायला सांगितलं होतं, आणि त्याने काही कसर ठेवली नाही. "एकोणीस! वीस! एकवीस! अहो काका, ढकलू नका! बावीस!"

साहेब तरातरा कोपऱ्यावरून वळले आणि थबकले. लाँड्रीसमोर नऊ नंबर उभी होती. बारकी दाराशी उभं राहून प्रवासी मोजत होती आणि भोंगा आकडे पुकारत होता. रांग अजून संपायची होती.

"अहो," साहेबांनी मोजणीवाल्या गृहस्थांकडे वळून विचारलं, "तुम्ही तीन दिवस तिथे बसलात. बस आली नाही, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना साहेब! पहिल्याच दिवशी आलं!"

"मग लिहिलं का नाही?"

"तक्त्यात 'चढले' आणि 'उतरले' एवढेच रकाने होते. 'बस आली नाही' असा रकानाच नव्हता!"

रागवावं की हसावं, हे साहेबांना ठरवता येईना. तेवढ्यात रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि साहेबांच्या चेहऱ्याची इस्त्री मोडली. तेही हसले.

"तक्ता माझ्याच टेबलावर तयार झाला होता," ते म्हणाले. "बेरीज बघायची मलाही सुचली नाही. पोरांनो, कबूल! नऊ नंबर बंद होणार नाही. खांब आजच्या आज जागेवर येईल. आणि ही बेरीज कुणी केली होती?"

बारकी भोंग्याच्या मागे लपली. साहेबांनी वाकून तिच्याशी हात मिळवला. लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या रांगेनेच वाजवल्या. कंडक्टरकाका म्हणाले, "आमची तक्रार करून आम्हालाच वाचवणारी पोरं पहिल्यांदाच पाहिली!"

या गडबडीत बस वीस मिनिटं खोळंबली, पण कुणी कुरकुर केली नाही. साहेबही बसमध्ये चढले. बसायला जागा नव्हती, त्यामुळे बाजारापर्यंत दांडी धरून लोंबकळत गेले.

चौकशी आत्याला दुकानापर्यंत सोडायला गेली. मालक दारातच उभे होते, हातात एक उसवलेलं जाडजूड पुस्तक घेऊन.

"बाई, आज वीस मिनिटं उशीर! चौदा वर्षांत कधी झाला नाही!"

आत्याने चौकशीचा हात घट्ट दाबला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती.

"चुकलं मालक," ती म्हणाली. "उद्यापासून वेळेवर येईन."

मालकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण 'उद्यापासून' हा शब्द ऐकून चौकशीला इतका आनंद झाला, की ती भर बाजारात उड्या मारत सुटली.