कागदावरचा निकाह

तो आत आला तेव्हा लाइट गेलेली होती आणि मी पासपोर्टांच्या गठ्ठ्याने वारा घेत होते.

"अच्छा... म्हणजे आमचे पासपोर्ट या कामाला येतात!"

मी घाईघाईने गठ्ठा खाली ठेवला. "कोण पाहिजे?"

"झहूरचाचांनी बोलावलंय. मी अरमान. इंग्लंडच्या टूरचा कुक."

एकोणीसशे नव्व्याण्णवचा तो मार्च. वाशीला झहूरचाचांचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं आणि मी उरणहून रोज बसने तिथे कामाला यायचे. उन्हाळ्यात इंग्लंडला क्रिकेटचा वर्ल्डकप होता, म्हणून चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशाची टूर काढली होती. उरण-पनवेलकडचे व्यापारी आणि त्यांची तरुण मुलं निघणार होती. तिकडे जेवणाचे हाल नकोत म्हणून कुकही सोबत. या टूरसाठी अरमानने बंदराजवळच्या कॅन्टीनमधली नोकरी सोडली होती.

व्हिसाचे कागद द्यायला तो येऊ लागला. रोज यायची खरं तर गरज नव्हती...

"आज काय आणलंत?"

"फोटो. आणि सांदण."

"फोटो द्या."

"आधी सांदण." मी खाताना तो टक लावून बघत राहिला. "कसं झालंय?"

"गोड जास्त आहे."

"मग तिसरं का उचललंत?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तो गेल्यावरही टेबलापाशी वेलचीचा वास रेंगाळत राहिला. आता हसू येतं — पण त्या दिवसांत दार वाजलं की आधी माझा हात ओढणीकडे जायचा.

एप्रिलमध्ये मात्र व्हिसाचं सगळं एकदम कडक झालं. सामना बघायला म्हणून गेलेली पोरं तिकडेच राहतील, ही तिकडच्या साहेबांची भीती. वडीलधाऱ्यांना व्हिसा मिळाला, त्यांच्या मुलांना नाही. मग मुलांशिवाय आम्ही एकटे जाऊन काय करू, म्हणत बरेच वडीलही मागे फिरले. अरमानलाही नकार आला. लग्न नाही, जमीन नाही, परत येईल कशावरून? फोन वाजला की चाचा दचकायचे. पुन्हा कुणीतरी नाव काढून घ्यायचं.

अशात एका एजंटने चाचांना सुचवलं — लग्न झालेलं दाखवा, काम होईल. कुक जाणार असेल तर उरलेली माणसं तरी टिकतील. चाचांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"बेटा, कागदावर निकाह दाखवू. शायमाचं नाव टाकू. टूरवरून आलास की कागद फाडून टाकू. टेन्शन नाही."

माझे कान तापले. मी अरमानकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी थट्टा करेल...

"नाही चाचा. तिचं नाव नको."

"अरे, तुझी नोकरी गेलीच आहे, आता माझं ऑफिसही जाईल!"

"तरीपण नको."

मी पर्स उचलली आणि थेट बसस्टॉप गाठला. डोळे चुरचुरत होते. मागून धावत तो आला.

"शायमा... रागावलात?"

"मी कशाला रागावू? नाव नको म्हणालात ना माझं?"

"फाडून टाकायच्या कागदावर नको म्हणालो." त्याला धाप लागली होती. "मला खरंच विचारायचंय. पण हातात नोकरी नाही — कुठल्या तोंडाने विचारू?"

उरणची बस आली. मी चढले नाही. बस निघून गेल्यावर कशीबशी म्हणाले, "घरी येऊन विचारा. अम्मीला."

टूर रद्द झाली. महिनाभरात चाचांनी ऑफिसही बंद केलं. आता त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे, तरी तिथून जाताना माझी पावलं मंदावतात. अरमानने पुढे नेरुळला खानावळ काढली, पण ते सगळं नंतरचं.

तो घरी विचारायला आला, तोवर वर्ल्डकप सुरू झाला होता. शेजारच्या घरात टीव्हीचा गलका चालला होता आणि आमच्या पुढच्या खोलीत अरमान त्याच्या आईशेजारी अंग चोरून बसला होता.

अम्मीने विचारलं, "पोरगा काय करतो?"

"सध्या... काहीच नाही," तो स्वतःच म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

आमच्यात अशा वेळी मुलींनी तोंड उघडायची रीत नव्हती. मी सरबताचा ट्रे घेऊन पडद्याशी उभी होते.

"मला चालेल," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

अम्मी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच बाजूला सरकली आणि शेजारी जागा करत म्हणाली,

"मंग तिकडं कशाला उभी हायस? ये, बस हितं."